कोरसमधल्या मुलीची टॉप टेन

माझी टॉप टेनची वही आठवीत असताना सुरू झाली आणि त्याला कारण बिनाका गीतमाला, हिंदी गाण्यांना नंबर देणारा रेडिओवरचा कार्यक्रम. बुधवारी रात्री दादा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन रेडिओ सिलोन लावायचा (नाव कधीच बदललं होतं पण आमच्या घरात शेवटपर्यंत सिलोनच), स्टेशन मधेच लांब जायचं, परत यायचं, आणि अमीन सायानींनी 'पायदान' म्हटलं की आम्ही दोघं श्वास रोखून गप्प. दादाची स्वतःची हिंदी गाण्यांची यादी होती, त्याच्या यादीत नाक खुपसलं की मारामारी व्हायची म्हणून मी मराठीची सुरू केली. फरक एवढाच की त्याची यादी दर आठवड्याला बदलायची आणि माझी वर्षातून एकदाच, गॅदरिंगच्या रात्री घरी आल्यावर, तोंडाची पावडर लाली पण न पुसता.

आता ही चौथी वही चालू आहे. पहिल्या तिन्ही आहेत, एकीला वाळवी लागली तरी आहे.

तर सांगायचं म्हणजे शाळेत मी कायम कोरसला. उंच होते म्हणून मागची ओळ, डावीकडून तिसरी, हे पाचवीपासून दहावीपर्यंत एकदाही बदललं नाही. सोलो म्हणणारी मुलगी ठरलेली होती, तिची पट्टी काळी पाच, मग आम्हाला पण काळी पाच, माझा आवाज मुळात खालचा त्यामुळे वरच्या सुरांना मी नुसते ओठ हलवायचे. दोनच माईक असायचे, एक सोलोवालीपुढे आणि एक पेटीपुढे. कोरसला माईक नाही. आई पहिल्या रांगेत बसून पण म्हणायची, तुझा आवाज काही आला नाही गं. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर नियमच लिहून ठेवला की गाण्यात कोरसला काम पाहिजे तरच नंबर मिळेल. तेरा वर्षांच्या मुलीनं लिहिलेला नियम, पण मी तो बरीच वर्षं पाळला, म्हणजे पाळते असं सांगत राहिले.

आठव्या नंबरावर 'नाच रे मोरा'. आता हे गाणं कुठल्या गॅदरिंगला झालं नाही सांगा, पहिली दुसरीतली मुलं आणि पुठ्ठ्याचा पिसारा. गदिमांचे शब्द, पुलंची चाल आणि आशाबाईंचा आवाज, 1953 च्या देवबाप्पा सिनेमातलं. आमच्याकडे एका वर्षी कॅसेट ऐनवेळी टेपमधे गुंतली, पेन्सिल घालून फिरवली तरी सुटेना, मग बाईंनी आम्हा पाच सहा जणींना विंगेत उभं केलं आणि म्हणाल्या, म्हणा, थांबायचं नाही. आम्हाला स्टेज दिसतच नव्हतं. दुसऱ्या कडव्याला लोक हसायला लागले, आम्हाला वाटलं आपलं सुटलं कुठंतरी, म्हणून आम्ही आणखी जोरात. नंतर कळलं की मोराचा पिसारा मागच्या पडद्याच्या दोरीत अडकला होता, मोर दोरी सोडवत बसला होता आणि बाकीची मुलं नाचायचं सोडून त्याला मदत करत होती. गाणं मात्र पूर्ण झालं. असं गाणं यादीतून कसं काढणार.

सातव्यावर 'मी डोलकर', शांताबाई शेळके, हृदयनाथ, हेमंतकुमार आणि लताबाई. कोळीनृत्य नसेल तर ते गॅदरिंगच नाही असं आमच्या पीटीच्या सरांचं मत होतं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, टेप हळू चालायला लागायचा, आणि हेमंतकुमारांचा आवाज तो आधीच कसा खर्जातला, तो आणखी खाली खाली जायचा, नाचणाऱ्या मुली पण त्याच्याबरोबर संथ, वल्ही हळू, कंबर हळू, एकदम मधेच व्होल्टेज आलं की सगळी होडी सुसाट. मी पुढं कितीतरी वर्षांनी हे गाणं चांगल्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा एका लयीत चाललेलं बघून मला चुकल्यासारखं झालं. म्हणजे रेकॉर्डच चुकली असं.

तसंच 'शुक्रतारा मंद वारा'चं. नंबर तीन. हे मी पहिल्यांदा रेडिओवर नाही ऐकलं, स्टाफच्या कार्यक्रमात ऐकलं. आमचे विज्ञानाचे सर आणि गाण्याच्या बाई. सर प्रयोगशाळेत तोंडातून एक शब्द जास्तीचा काढायचे नाहीत आणि इथं स्टेजवर एकदम अरुण दाते! पोरांनी शिट्ट्या मारून मंडप डोक्यावर घेतला, वन्स मोअर झाला, सर लाजले, बाई लाजल्या नाहीत. दोघं आपापल्या संसारात होते, काही म्हणजे काही नव्हतं, पण पुढच्या वर्षीपासून स्टाफनं युगुलगीत म्हणायचं नाही असं ठरलं, ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही पण झालं नाही परत. पाडगावकरांचं गाणं आणि खळेकाकांची चाल. मूळ रेकॉर्डला सुधा मल्होत्रा आहेत, गोडच म्हणतात, पण आमच्या बाई ध्रुवपद संपताना एक छोटीशी हरकत, म्हणजे सुरांची गिरकी, घ्यायच्या ती त्यात नाही, आणि मला ती तिथं ऐकू येतेच, आज पण.

आता यात कोरसला काय काम? काहीच नाही. हे माझ्या नवऱ्यानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी वही वाचून दाखवून दिलं. म्हणाला तुझ्याच नियमात बसत नाही, काट. मी म्हटलं आम्ही मागं उभं राहून गुणगुणत होतो. ते खोटं होतं.

पाचवा नंबर 'तोच चंद्रमा नभात' (हे पण नियमात बसत नाही, माहीत आहे) आणि सहावा 'गणराज रंगी नाचतो', ज्यावर मी दोनदा नाच पण केला, त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. नववा 'जय जय महाराष्ट्र माझा', राजा बढे, खळे आणि शाहीर साबळे. 2023 मधे ते राज्यगीत झालं तेव्हा मी वहीत शेजारी तारीख लिहिली, 19 फेब्रुवारी, पण नंबर बदलला नाही, सरकारी निर्णयानं आमच्या यादीत बढती होत नाही. दहावा नंबर ही भाड्याची खोली आहे, भाडेकरू दरवर्षी नवा. 2016 च्या गणपतीत तिथं 'झिंगाट' होतं, कारण मंडळाच्या स्टेजसमोर त्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मावशीसुद्धा उठल्या होत्या.

गणपती म्हटलं की मंडळ आलं. लग्नानंतर शाळेचं गॅदरिंग सुटलं पण आमच्या सोसायटीच्या मंडळाचा भावगीतांचा कार्यक्रम मिळाला, दरवर्षी गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, गाणारे सगळे घरचेच. तिथून आला नंबर दोन, 'कानडा राजा पंढरीचा'. 1970 च्या झाला महार पंढरीनाथ मधलं, गदिमा आणि बाबूजी म्हणजे सुधीर फडके, गायला बाबूजी आणि वसंतराव देशपांडे. या गाण्याची गंमत अशी की दोन अगदी उलट स्वभावाचे गळे आहेत, बाबूजी प्रत्येक अक्षर स्वच्छ धुऊन ठेवल्यासारखं मांडणार आणि वसंतराव येणार ते कुठून येतील सांगता येत नाही. आमच्याकडे हे म्हणायचे दोन काका. तळमजल्यावरचे आणि तिसऱ्या मजल्यावरचे. या दोघांचं पाण्याच्या टाकीवरून भांडण, अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, मीटिंगला पण तिसऱ्या माणसाकडे बघून बोलायचे. पण हे गाणं दोघांचं. तालीम नाही काही नाही, वर्षातून एकदा समोरासमोर बसायचे, वरचे काका तान घेऊन कुठंतरी भरकटले की खालचे काका मांडीवर ताल धरून थांबायचे, ते परत समेवर आले की मान हलवून पुढची ओळ उचलायचे. मागं आम्ही बायका विठ्ठल विठ्ठल. गाणं संपलं की दोघं दोन दिशांना. खालचे काका गेले त्या वर्षी वरच्या काकांना सगळ्यांनी आग्रह केला, कुणीतरी कराओकेचा ट्रॅक पण आणला होता. त्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, तो ट्रॅक माझ्यासाठी थांबेल का?

आणि आता वरचे दोन राहिले, चार आणि एक, दोन्ही गीतरामायणातले आणि एकाच रात्रीचे. नववीत होते, 1982 चं गॅदरिंग. बाईंनी गीतरामायणातली पाच गाणी बसवायची ठरवली. तालमीला पेटीवर हात ठेवून त्या सांगायच्या की त्या लहान असताना 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं आणि मग वर्षभर दर आठवड्याला नवं, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी छप्पन झाली, आणि त्यांच्या वाड्यात रेडिओला हार घालून सगळे समोर बसायचे. आठवडाभर पुढच्या गाण्याची वाट बघायची. आम्हाला बिनाकाची सवय होती म्हणून ते वाट बघणं बरोबर कळलं.

'पराधीन आहे जगती' म्हणायला मराठीचे सर. कुणालाही विचारा, गीतरामायणातलं एक गाणं काढायचं तर हेच काढतील, माझ्याकडे मात्र चौथं. सरांनी सुरू केलं, तीन कडवी झाली असतील आणि लाइट गेली. जनरेटर नव्हता. एरवी लाइट गेली की पोरं हो हो करून ओरडायची, त्या दिवशी पण सुरुवात झाली, पण सर थांबलेच नाहीत. माईक बंद, अंधार, पेटीच्या भात्याचा आवाज तेवढा येतोय, आणि सर जरा पुढं येऊन आवाज चढवून म्हणतायत. सर काही फार सुरात नव्हते खरं तर. हळूहळू ओरडणं थांबलं, कुणीतरी टॉर्च लावला तर शेजारच्यानं विझवायला लावला. लाइट आली तेव्हा सर शेवटच्या कडव्यावर होते आणि एकदम आलेल्या उजेडात त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग ते पहिलं का नाही? कारण त्यानंतर 'सेतू बांधा रे सागरी' होतं. मूळ रेकॉर्डिंगला पण ते समूहानं गायलंय, वानरांचं गाणं, सोलो नाहीच. आम्ही बावीस जणी. बाईंनी स्टेजवर येऊन सोलोवालीचा माईक स्टँडसकट उचलला, आडवा केला आणि कोरसच्या समोर आणून ठेवला. आणि पट्टी उतरवली. मला अजून त्यांनी पेटीवर उजवा हात खाली सरकवलेला दिसतो. ते गाणं मी पूर्ण म्हटलं, एका ठिकाणी पण नुसते ओठ हलवले नाहीत. घरी आल्यावर आई म्हणाली, आज आला हो आवाज. बावीस जणींतून तिला माझा वेगळा ऐकू आला असेल असं नाही, पण म्हणाली. तेव्हापासून एक नंबर, हललेला नाही.

गाणं म्हणून बघायला गेलं तर यापेक्षा मोठी गाणी पडली आहेत, मला कळतं तेवढं. नवरा दरवर्षी विचारतो, घन तमी शुक्र कुठंय, जिवलगा कुठंय, आणि श्रावणात घन निळा कुठंय? पहिल्या दोन्हींना मी सांगते की आमच्या गॅदरिंगला कुणी म्हटली नाहीत. तिसऱ्याला कोरसचा नियम पुढं करते.

पण 'श्रावणात घन निळा' झालं होतं. दहावीत, आमच्या शेवटच्या गॅदरिंगला. पाडगावकर, खळे, लताबाई, आणि गाणं इतकं अवघड की प्रत्येक कडव्याला चाल वेगळी, एक पाठ केलं म्हणून दुसरं येत नाही. आमच्या सोलोवालीनं म्हटलं. पंधरा वर्षांची मुलगी. मी मागच्या ओळीत डावीकडून तिसरी उभी होते आणि कोरसला खरोखरच काही काम नव्हतं, आम्हाला नुसतं शोभेला उभं केलं होतं, त्यामुळे मला ऐकण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. त्या रात्री मी घरी आले, वही उघडली आणि दुसरीच गाणी लिहिली.

2019 च्या डिसेंबरात शाळेत माजी विद्यार्थ्यांचं संमेलन झालं, त्याच मैदानावर. सेतू बांधा म्हणायचं ठरलं, बावीसपैकी नऊ जणी जमल्या, आणि नऊ जणींना नऊ ठिकाणी वेगळं आठवत होतं. सोलोवाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. गळ्याचं ऑपरेशन झालंय, वरचे सूर आता जात नाहीत म्हणाली, मी नुसते ओठ हलवते, तू म्हण. मग चहाच्या वेळी तिनं विचारलं, अगं ती तुझी वही आहे का अजून? तू सगळ्यांच्या गाण्यांना नंबर द्यायचीस ना. माझं कितवं होतं?

मी म्हटलं, बघून सांगते.

घरी येऊन चौथी वही काढली. आठवड्याभरानं तिला फोन केला आणि सांगितलं, सहावं. ती केवढी खूश झाली. गणराज सातवर गेला, डोलकर आठ, मोर नऊ, जय महाराष्ट्र दहा, भाड्याची खोली बंद करून टाकली. नवरा म्हणतो सहावं पण कमीच आहे. मला पण माहीत आहे, म्हणून पेन्सिलनं लिहिलंय.