माझी, माझी

बुधवार, रात्र

राणीचा ताप उतरून आज चौथा दिवस. दुपारी तिनं ताटलीभर वरणभात खाल्ला आणि आंब्याखाली शेजारच्या पोरांबरोबर चिखलात जाऊन बसली. मी ओरडले नाही. ज्या अंगाला हात लावला की चटका बसत होता, ते चिखलानं माखलेलं बघून मला रडूच आलं. आता ती मच्छरदाणीत झोपलीय. वीज संध्याकाळीच गेली. इथे त्याला ‘मागेत्सी अपिता’ म्हणतात. मेणबत्तीच्या उजेडात लिहितेय, बाहेर पाऊस लागलाय.

आफ्रिकेतल्या मलावीत येऊन पाच महिने झाले. झोंबा शहरापासून थोडं आत, मिशनच्या छोट्या दवाखान्याच्या आवारात आमचं दोन खोल्यांचं घर. हे दवाखान्याच्या लॅबमध्ये, मी रविवारची शाळा आणि बायांच्या शिवणवर्गात. नाशिकहून निघताना चर्चच्या मंडळीनं आमच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पाळकसाहेबांनी सांगितलं, दर महिन्याला सेवेचा अहवाल पाठवत जा. चार पाठवले. किती भेटी दिल्या, किती जणांसाठी प्रार्थना केली, किती पोरं शाळेत आली. या महिन्याचा कागद आठवडाभर कोराच पडलाय.

इथली भाषा बोलण्यात मी अजून कच्ची आहे. पहिल्या महिन्यात बाजारात जाऊन थेट टोमॅटोचा भाव विचारायचे आणि बाई नुसती बघत राहायची. नंतर कळलं, इथे आधी माणसाची विचारपूस. सकाळी ‘म्वाद्झुका ब्वांजी’, म्हणजे झोपून कशा उठलात. दुपारनंतर ‘म्वास्वेरा ब्वांजी’, दिवस कसा गेला. समोरची सांगणार, मग तुम्हाला उलट विचारणार, ते सगळं होऊ द्यायचं आणि मग टोमॅटो. कुणाच्या दारात गेलं तर कडी वाजवायची नाही, बाहेरूनच ‘ओडी!’ अशी हाक द्यायची आणि आतून बोलावणं येईपर्यंत थांबायचं. काही देताना उजवा हात पुढे आणि डावा कोपराला लावलेला. हे हात आता बसलेत. जीभ बसत नाही.

राणीचं तसं नाही. चार वर्षांची पोर, दोन महिन्यांत आवारातल्या मुलांशी भांडायला लागली आणि भांडता आलं म्हणजे भाषा आलीच. तिचं नाव इथे ‘लानी’ झालंय, र च्या जागी ल. आणि बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारायची इथली रीत, म्हणून मी ‘अमायी अ लानी’, लानीची आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यातलं ‘मायी’ कानाला इतकं आपलं लागलं की मी दोनदा वळून बघितलं.

स्वयंपाकघरात मात्र मी लवकर रुळले. झोंबा, चिराद्झुलू, थ्योलो या सगळ्या दक्षिणेच्या पट्ट्यात तूर पिकते. तिला इथे नान्दोलो म्हणतात. मक्याच्या ओळींत तुरीची झाडं उभी असतात, आपल्याकडे बाजरीत असतात तशीच. भारत इथून तूर घेतो, 2021 मध्ये दोन्ही देशांत वर्षाला 50,000 टनांचा करार झाला होता. पण इथली माणसं ती अख्खीच शिजवतात. लिंबे नावाच्या गावातल्या गुजराती दुकानांत डाळ मिळते, पण मिनीबसच्या भाड्यात तेवढ्याच पैशांची भर पडते. म्हणून मी अख्खी तूर रात्री भिजवते, सकाळी उन्हात खडखडीत वाळवते आणि दगडावर भरडते. ऊन असेल त्या दिवशीच हे जमतं, या पावसात दोनदा कोंब फुटून वाया गेली. भरडली की डाळ अर्धी फुटते, अर्धी तुकडा होते, टरफलं सुपानं पाखडते. पहिल्यांदा त्या डाळीचं वरण उकळलं आणि वर हिंग-जिऱ्याची फोडणी पडली, तेव्हा हे लॅबमधून घरी येताना दारातच थांबले होते.

ताप गुरुवारी दुपारी चढला. मी आधी पावसात भिजण्यावर ढकललं. संध्याकाळी ती उलटी करून माझ्या मांडीवर कोसळली तेव्हा उचलून लॅबमध्ये पळाले. ह्यांनीच तिचं बोट टोचलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे मलेरिया. तेवढ्यावर औषध सुरू करता आलं असतं, तरी त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरवला, वाळवला, जांभळ्या रंगात बुडवला, धुतला. पावसाळ्यात दिवसभर हेच त्यांचं काम. मायक्रोस्कोपला डोळा लावून डाव्या हातातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण दाबत राहायचं, टक टक टक. त्या दिवशी टकटक मध्येच थांबली. डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. मी विचारलं नाही. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. त्यांचा आकडा चुकलेला मी पहिल्यांदा बघितला.

औषध तीन दिवसांचं. दोन गोळ्या एका वेळी, अशा सहा वेळा, दुधाबरोबर किंवा तेलातुपाच्या खाण्याबरोबर, नाहीतर अंगी लागत नाही. दुसरी मात्रा पहिलीनंतर आठ तासांनी, म्हणजे रात्री दोनला. पहिली तिनं ओकून टाकली, ती पुन्हा दिली.

अंधार पडताना दारात ‘ओडी’ ऐकू आलं. शेजारच्या अमायी, आणि त्यांच्या मागे आणखी दोघी. अमायी याओ जमातीच्या आहेत, मुसलमान, त्यांचे यजमान शुक्रवारी सायकलवरून मशिदीत जातात. मी इतके दिवस त्यांच्याशी कुंपणावरूनच बोलले होते. त्यांच्या हातात पांढऱ्या एनॅमलच्या मगात मक्याच्या पिठाची पातळ पेज होती, फाला. तिघींनी आत येऊन एकच शब्द म्हटला, ‘पेपानी’. माफ करा असाही त्याचा अर्थ आहे, पण चूक कुणाचीच नसली तरी दुःख झालेल्याला तोच शब्द म्हणतात. मग तिघी जमिनीवर पाय लांब करून बसल्या. कोणता डॉक्टर, कसला ताप, अंगात दुखतंय का, एक प्रश्न नाही. तास, दीड तास नुसत्या बसून राहिल्या. आपल्याकडे आजारी माणसाजवळ इतकं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या गप्प बसण्यानं माझे हात थरथरायचे थांबले.

रात्री दोघी गेल्या, अमायी थांबल्या. साडेअकराच्या सुमाराला राणी तापात बडबडायला लागली. ‘माझी... माझी...’ मला वाटलं, मलाच म्हणतेय. मी तिला छातीशी आवळून घेतलं, म्हटलं, हो गं बाई, तुझीच आहे मी, तू माझीच आहेस. ती मान हलवून ढकलायला लागली, ‘माझी, माझी’ म्हणत रडायला लागली. मी आणखी घट्ट धरलं.

अमायी उठल्या, फिल्टरपाशी गेल्या आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आल्या. मादझी. इथे पाण्याला मादझी म्हणतात. मला तो शब्द येत होता, बाजारात रोज ऐकते, पण माझ्या लेकराच्या तोंडून मला मराठीच ऐकू येत होतं. राणीनं घटाघटा पेला संपवला. मी तिला पाण्यासाठी रडवलं होतं.

ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, विकातानीची गोष्ट आठव.

ती गोष्ट आम्ही दोघं नाशिकची म्हणून आम्हाला ठाऊक. चुमा आणि विकातानी, दोघे याओ मुलगे, गुलामांच्या तांड्यातून 1861 मध्ये इथेच, आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या भागात सुटले. 1864 मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टननं त्यांना आपल्या छोट्या बोटीतून मुंबईला नेलं आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. 1866 मध्ये तो पुन्हा आफ्रिकेला निघाला तेव्हा हे दोघे बरोबर होते आणि आमच्या शरणपूरच्या आश्रमातले आफ्रिकी नऊ जण. ज्या शरणपूर रोडवरून मी रोज शाळेत गेले, तिथून. त्याच वर्षी इथल्या मलावी सरोवराजवळ विकातानीला त्याचे नातलग भेटले आणि तो मागे राहिला. चुमा 1874 मध्ये लिव्हिंग्स्टनचा देह समुद्रापर्यंत पोचवेपर्यंत चालत राहिला.

लहानपणापासून मला चुमाच मोठा वाटायचा. परवापासून विकातानी डोक्यातून जात नाही. मुंबईत त्याला कधीतरी ताप आला असेलच. तेव्हा त्यानं पाणी कोणत्या भाषेत मागितलं असेल? जवळ बसलेल्या कुणाला ते कळलं असेल का? त्याला तर गुलाम म्हणून घरापासून दूर नेलं होतं. आम्ही आमच्या मर्जीनं, देवाचं पाचारण मानून आलोय, मंडळी पाठीशी आहे, राणीची आई तिच्या उशाशी आहे. त्याच्या दुःखाशी माझी बरोबरी मी करणार नाही. पण त्याच्यासाठी मी त्या रात्री पहिल्यांदा देवाजवळ रडले, दीडशे वर्षांनंतर.

आज सासूबाईंना फोन केला. इथे आठ वाजले होते, तिकडे साडेअकरा, तरी त्या जाग्याच होत्या. राणीनं फोनवर त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हटली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथपर्यंत नीट आली आणि मग विचारलं, आजी, देव भाकर देतो की न्सिमा? न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचं इथलं रोजचं जेवण. सासूबाई म्हणाल्या, जिथे असशील तिथलं देतो बाई.

अहवालात हेच लिहिणार आहे. भेटी किती दिल्या त्या रकान्यात: आम्हाला तिघींनी दिली, एकीनं तर रात्रभराची.

अमायींचा एनॅमलचा मग अजून ओट्यावर आहे. रिकामा परत द्यायचा नाही. शेंगदाणे भाजून ठेवलेत, गूळ नाही म्हणून साखरेवरच लाडू वळेन. उद्या सकाळी राणीला घेऊन जाईन. दारात ‘ओडी’, मग त्या कशा उठल्या, मुलं कशी उठली, यजमान कसे आहेत, आणि त्यानंतर मग पुढे करायचा, डावा हात कोपराला लावून. मध्ये कुठे अडले तर राणी सांगेल.