तुम्ही विचारलंत म्हणून: रमाबाई केडगावलाच का गेल्या?

पुणे-दौंड गाडीत ओळख निघाली की पुढचे प्रश्न ठरलेले. "केडगाव? म्हणजे नगरजवळचं?" नाही हो, दौंड तालुक्यातलं. "अच्छा, पंडिता रमाबाईंचं! पण पुणं सोडून बाई तिथे माळावर कशाला गेल्या? ख्रिस्ती झाल्या म्हणून लोकांनी हाकललं ना?"

हाकललं नाही. बोल मात्र भरपूर लावले. 1889 साली मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठीची निवासी शाळा, त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून 1893 मध्ये गदारोळ झाला आणि कितीतरी पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी बाई पुण्यातच राहिल्या. केडगावची जमीन घेतली ती फळबागेसाठी. अमेरिकेतली मदत दहा वर्षांच्या बोलीवर होती. ती आटल्यावर बागेवर संस्था चालावी, एवढाच हिशेब.

मग 1896-97 चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या, तर पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला अधिकारी तयार होईनात. हाताशी काय होतं? बाग. तिथे 'मुक्ती', म्हणजे निराधार बायकामुलींसाठीची त्यांची संस्था, उभी राहिली. म्हणजे जागा बाईंनी निवडली होती, पण झाडांसाठी.

पुढचं सांगितलं की गाडीतले लोक मोबाइल काढतात, पण मला खरं तेच सांगायचं असतं. मी तरुणपणी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे टाइप, जुळवायचो. अक्षराचा खिळा वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षराचं अर्धुकं आणखी वेगळ्या घरात, आणि सगळं उलटं वाचायचं. हात बसायला मला वर्ष लागलं. केडगावच्या छापखान्यात हे काम बायका करायच्या. त्यातल्या कित्येकींना तिथे येईपर्यंत अक्षरओळख नव्हती. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून, आणि ते याच बायकांनी जुळवलं, छापलं. मुळाला इतकं धरून आहे की वाचताना अधूनमधून ठेच लागते, हे कबूल. 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या, त्या शेवटची मुद्रितं तपासूनच, असं सांगतात. पुस्तक 1924 मध्ये निघालं.

ओळखीच्या एका घरी त्याची जुनी प्रत आहे. पानं पिवळी पडलीत, कोपरे झडलेत. मागे गेलो तेव्हा भिंग मागून घेतलं आणि खिडकीपाशी बसलो. जुनी खोड, तुटकी वेलांटी, वाकडा काना शोधत होतो. चार पानं झाली, सापडेना. मग चहा आला.