कागद फाडायचा दिवस

काम होतं भिंतीवर टांगायच्या क्विल्टचं, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचं: 6 इंची ताऱ्यांचे 20 ब्लॉक (चौकोनी तुकडे), पांढऱ्या सुती कापडात गडद निळे कोन. असे तारे नुसते कापून शिवले तर टोकं हमखास हुकतात, म्हणून फाउंडेशन पद्धत घेतली. नक्षी कागदावर छापायची, कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचं, छापील रेषेवरून शिवायचं आणि शेवटी कागद फाडून काढायचा.

12 ब्लॉक कोऱ्या न्यूजप्रिंटवर झाले, साधारण 45 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन; आकडा लहान, तितका कागद पातळ). (एवढा पातळ कागद प्रिंटरमध्ये अडकतो. ए4 मापात कापून त्याची आत जाणारी कड जाड कागदाला चिकटपट्टीने जोडली, की जातो.) तो संपल्यावर उरलेले 8 झेरॉक्सच्या 75 जीएसएम कागदावर छापले. शिवताना हा कागद जास्तच आवडला. कडक, चुरगळत नाही, शिवणीबाहेर पाव इंच माया (जास्तीचं कापड) सोडून कापताना दुमड धारदार पडते.

सगळे ब्लॉक जोडून झाल्यावर कागद काढायला घेतले. आधी काढले असते, तर कडांना आलेलं तिरकं कापड ताणलं जाऊन मापं बिघडली असती.

न्यूजप्रिंट शिवणीवर दुमडून ओढला की तिकिटासारखा सुटत होता. जाड कागद सुटेना. जोर लावल्यावर दोन ताऱ्यांच्या टोकाशी टाके ताणले गेले आणि शिवण उसवली. टाका 2.5 मिमीचा होता, म्हणजे इंचाला जेमतेम 10 भोकं. पातळ कागदाला तेवढी पुरली, जाडाला पुरली नाहीत. 1.5 मिमीला इंचात 17 भोकं पडतात, आणि 11 ऐवजी 14 नंबरची सुई लावली तर ती मोठीही पडतात. याहून बारीक टाका मात्र नको. पातळ कागद शिवतानाच गळून पडतो आणि चुकलेली शिवण उसवता उसवत नाही.

मग घाईत वाईट उपाय केला. कापसाच्या बोळ्याने कागद ओला केला. मऊ झाला खरा, पण छपाई इंकजेटची. काळी शाई पांढऱ्या कापडात उतरली. तो ब्लॉक नेमका मधला. चारही बाजू उसवून काढावा लागला. लेझर छपाई पाण्याने पसरत नाही, पण तिची पावडर कडक इस्त्रीने वितळून कापडाला किंवा इस्त्रीला लागू शकते. म्हणून इस्त्री कापडाच्या बाजूने, वाफेशिवाय.

उरलेले पाच ब्लॉक कोरडेच सोडवले: शिवणीवर नखाने घडी, टाक्यांवर अंगठा दाबून ठेवायचा आणि कागद आडवा ओढायचा. बाहेर पडलेला ब्लॉक ट्रेसिंगच्या बटर पेपरवर नव्याने केला. (स्वयंपाकघरातला मेणाचा नव्हे, त्याचं मेण इस्त्रीखाली वितळतं.) हा आरपार दिसतो, त्यामुळे कापडाचा तुकडा रेषेच्या पलीकडे पाव इंच पोचला का, हे उजेडाकडे न धरता कळतं. फाटतोही स्वच्छ. खोट एकच: गरम इस्त्रीने गुंडाळला जातो, म्हणून प्रत्येक शिवणीनंतर इस्त्रीऐवजी लाकडी पट्टीने घडी दाबली.

नव्या छपाईचं माप एक इंचाच्या छापील चौकोनावर पट्टी ठेवून तपासलं. प्रिंटर ‘पानात बसवा’वर राहिला असता तर नक्षीचं माप बदललं असतं आणि तो ब्लॉक रिकाम्या जागेत बसलाच नसता. कोपऱ्यांतल्या शिवणींत अडकलेले कागदाचे कपटे शेवटी चिमट्याने काढले. त्यातच संध्याकाळ झाली.