बघ्यांनी गप्प बसायचं, तेही नीट

डाव संपल्यावर 'जीजी' (गुड गेम, म्हणजे 'छान झाला डाव') आधी कुणी म्हणायचं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. हरणाऱ्याने. जिंकणारा आधी म्हणाला की ते 'चल, नीघ आता' असं ऐकू येतं. संपला विषय. स्ट्रॅटेजी गेममधले खरे वांधे माहितीवरून होतात. कुणाला काय ठाऊक आहे, ते कुठून कळलं आणि कळायला हवं होतं का? आणि या बाबतीत मला प्रतिस्पर्ध्यापेक्षा बघ्यांची जास्त धास्ती वाटते.

मी खेळते तो प्रकार संथ आहे. सिव्हिलायझेशन ४, २००५ सालचा गेम, पिटबॉस पद्धतीने. म्हणजे गेम सर्व्हरवर सतत चालू असतो, आपण सवडीने लॉगिन करायचं, चाल खेळायची आणि बाहेर पडायचं. साधारण २४ तासांना एक टर्न. एक डाव कित्येक महिने चालतो. इतके दिवस मनातले बेत मनात ठेवणं कुणालाच जमत नाही, म्हणून आमच्यात प्रत्येक जण डावाची रोजनिशी लिहितो. नकाशाचे स्क्रीनशॉट, पुढचं शहर कुठे वसवणार, कुणाचा काटा काढणार, सगळं त्यात असतं. ती बघ्यांनी वाचायची, प्रतिस्पर्ध्यांनी नाही. कुलूपबिलूप काही नाही, नुसत्या शब्दावर चालतं. आणि गंमत म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चोरून वाचल्यामुळे डाव नासल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नासवतात ते बघे, आणि तेही चांगल्या मनाने.

समजा, जंगलाआड शेजाऱ्याचे घोडेस्वार जमलेत आणि माझ्या सीमेवरच्या शहरात एकुलता एक तिरंदाज आहे. दोन्ही रोजनिशा वाचणाऱ्याला हे दिसतंय. तो शहाणा आहे, मला काहीही सांगत नाही. फक्त विचारतो, "काय गं, पूर्वेकडच्या शहरात काय ठेवलंयस सध्या?" झालं! इतके दिवस त्या शहराचं नाव कुणी काढलं नव्हतं. आता मी भालेकरी तिकडे हलवले तर ते कुणाच्या जोरावर हलवले? आणि नाही हलवले तर? मुळात हलवायचे माझ्या मनात होतं की नव्हतं, हे आता माझं मलाच सांगता येणार नाही. यात प्रामाणिक माणूसच जास्त भरडला जातो. आपल्यावर शंका नको म्हणून तो मुद्दाम वाईट चाल खेळतो आणि शहर घालवून बसतो.

म्हणून आमचा नियम कडक आहे: एकाहून जास्त बाजू वाचणाऱ्याने खेळाडूला प्रश्न विचारायचा नाही. साधा नाही, गमतीचा नाही, 'सहज विचारलं' तर नाहीच. सल्लागार हवा असेल तर खेळाडूने आधीच एक माणूस ठरवून घ्यावा. तो फक्त त्याच बाजूचं वाचेल आणि मग पाहिजे तेवढी बडबड करेल. भालेकऱ्याला घोडेस्वाराविरुद्ध १०० टक्के जास्त बळ मिळतं, हे कुणीही कुणालाही सांगावं, ते गेमच्या माहितीतच लिहिलेलं आहे. पण तेही विचारल्यावर. न विचारता भाल्यांचं कौतुक सुरू झालं की मला घोडे दिसायला लागतात.

आणि गप्प बसण्यातही मेख आहे. रोज काहीबाही शेरे मारणारी मंडळी एके दिवशी अचानक चिडीचूप झाली, की खेळाडूला कळतंच काहीतरी शिजतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण कालपर्यंत उघडा असलेला हात आज झाकला तर सगळ्यांचं लक्ष तिकडेच जाणार. जाणता बघ्या त्यामुळे सुरुवातीपासून एकाच संथ तालात बोलतो, आणि तेही घडून गेलेल्या गोष्टींवर.

हीच अडचण स्पर्धा नंतर बघणाऱ्यांची. निकाल कुणी फोडला नाही तरी व्हिडिओची लांबी तो फोडते. पाच डावांच्या मालिकेतल्या चौथ्या डावाला २-१ ने मागे असलेला बाजी मारतोय आणि व्हिडिओ संपत आलाय, म्हणजे तो बाजी मारत नाहीये. एज ऑफ एम्पायर्स २ या गेमच्या स्पर्धांत यावर छान तोड आहे. मालिका ३-० अशी संपली तरी रेकॉर्डिंगच्या पाच फायली देतात, उरलेल्या दोन नुसत्या भरतीच्या. ज्याने कुणी हे काढलं त्याला माझा सलाम.

गेमने स्वतःहून दाखवलेलं काहीही मात्र स्पॉयलर नाही, यावर मी ठाम आहे. सिव्ह ४ मध्ये डेमोग्राफिक्सच्या पडद्यावर प्रतिस्पर्ध्यांतलं सर्वोत्तम, सरासरी आणि सर्वात कमी असे आकडे दिसतात. स्कोअर लोकसंख्या, जमीन, तंत्रज्ञान आणि वंडर्स (बांधलेल्या जगप्रसिद्ध वास्तू) यांवरून ठरतो. रोज हे टिपून ठेवणारा खेळाडू शेजाऱ्याचं सैन्य न बघताही बरंच काही ओळखतो. त्याला 'चीटर' म्हणणाऱ्याने आधी स्वतः वही घालावी.

बुद्धिबळात डाव तहकूब व्हायचे तेव्हा पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचाकडे देत. समोरच्याला ती दुसऱ्या दिवशी पाकीट फोडल्यावरच कळायची. पण रात्रभर मित्रांबरोबर पट मांडून बसायला बंदी नव्हती! चाल गुप्त, सल्ला मोकळा. आमच्याकडे दोन्ही बंद. संगणक चांगले खेळायला लागल्यावर, १९९० च्या दशकात ती तहकुबी मागे पडली. सल्ला फार चांगला मिळायला लागला की सल्ल्याची सवलत टिकत नाही.

सगळ्यांची टर्न एकाच वेळी चालू असताना आणखी एक भानगड असते, डबल मूव्ह. टर्न संपता संपता सैन्य पुढे सरकवायचं आणि नवी टर्न सुरू होताच पुन्हा सरकवायचं, समोरचा तेव्हा झोपलेला. युद्ध पेटलं की क्रम ठरवून घ्यायचा आणि तोच पाळायचा, यापलीकडे यावर चर्चा नको.

सोडून जाण्यावर मात्र बोलायला हवं. रिअल-टाइम गेममध्ये, म्हणजे जिथे टर्न नसतात आणि सगळे सतत खेळत असतात तिथे, हरलेला डाव लांबवणं वाईट दिसतं. आमच्याकडे उलटं. हरत असलेला माणूस निघून गेला की त्याची जमीन शेजाऱ्याला फुकटात मिळते आणि लांबचा खेळाडू विनाकारण मागे पडतो. तेव्हा जायचं तर जा, पण बदली देऊन जा. आता बदली आणायचा कुठून? गेम येणारे, डावात रस असलेले सगळे आधीच बघे झालेले असतात आणि सगळ्यांच्या रोजनिशा वाचून बसलेले असतात. जो काहीच वाचत नाही, त्याला सहसा खेळायचं नसतं.

म्हणून हल्ली आम्ही सुरुवातीलाच एक कोरा माणूस राखून ठेवतो. त्याने महिनोन्‌महिने कशाकडेही बघायचं नाही. सध्याच्या डावातल्या आमच्या राखीवाने परवा विचारलं, "अरे, निदान अजून सगळे जण खेळतायत ना?" त्याला एवढं तरी सांगायचं का, यावरून आमच्यात दोन तट पडलेत. मी 'नाही'वाल्यांत आहे.