नाव नसलेला कागद

पुण्यात वानवडीतल्या त्या प्रशिक्षणवर्गात बहुतेक निवृत्त जवान आणि सुभेदार होते. अडचणीतल्या माजी सैनिकांशी बोलण्यासाठी त्यांना तयार करायचं होतं. मी संख्याशास्त्र शिकवते. प्रश्नावलीवरून आत्महत्येचा धोका ओळखता येतो का, हा माझा विषय.

अमेरिकी लष्करात आत्महत्या वाढल्यावर २००९ मध्ये ‘आर्मी स्टार्स’ हा मोठा अभ्यास सुरू झाला. मनोविकारासाठी दाखल होऊन घरी गेलेल्या सैनिकांची त्यांनी नोंदींवरून जोखमीप्रमाणे क्रमवारी लावली. पुढच्या वर्षभरातल्या ५२.९ टक्के आत्महत्या वरच्या ५ टक्के सैनिकांत झालेल्या निघाल्या. वर्ग एकदम खूश झाला.

मग फळ्यावर दुसरा हिशोब मांडला. समजा १ लाख जवान आहेत आणि वर्षात २५ आत्महत्या होतात. चाचणी त्यातले २० ओळखते आणि बाकीच्यांपैकी फक्त १० टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. तरी यादीत दहा हजारांवर नावं येतात. म्हणजे पाचशे नावांत खरं एक.

“आणि बाकीच्यांच्या फायलीवर शिक्का बसणार का, मॅडम?” एका सुभेदारसाहेबांनी विचारलं. मला हाच प्रश्न हवा होता.

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचे कागद वाटले. प्रश्न नऊ, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, उत्तरं ० ते ३. नववा प्रश्न मरण बरं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. पहिला कागद आपण अजून युनिटमध्ये आहोत आणि साहेब वाचणार असं समजून, नावासकट भरायचा. दुसरा आजचा, खरा, बिननावाचा. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर वर्गात बसलेल्या होत्याच. त्यांच्याशिवाय मी हा प्रयोग करत नाही.

पहिल्या गठ्ठ्यात नवव्या प्रश्नापुढे सगळीकडे शून्य. सब ठीक. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एका कागदावर मात्र शून्य लिहून खोडलेलं होतं आणि शेजारी २. म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस. झोपेपुढे ३.

हातातला कागद खरा होता, पण माणूस कोण ते कळायला मार्ग नव्हता. नाव मागितलं असतं तर शून्यच आलं असतं. या कामातला खरा पेच हाच आहे आणि नुसतं गणित वाढवून तो सुटत नाही. ‘आर्मी स्टार्स’मध्ये सैनिकांची संमती घेऊन त्यांची प्रश्नावलीतली उत्तरं नोंदींशी जोडली, आणि ती वरिष्ठांना दाखवली जात नसत. मला वाटतं, सगळी किल्ली तिथे आहे.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि शिकवणं तिथेच थांबवलं. कोणाचंही नाव न विचारता त्या सगळ्यांशी उघड बोलल्या: असे विचार येणं हा भित्रेपणा नाही, विचारल्याने ते वाढत नाहीत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही बोलता येतं. सेनादलांसाठी टेली-मानसचा खास कक्ष २०२३ मध्ये इथेच, आपल्या एएफएमसीत म्हणजे सेनादलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला, हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. त्यानंतर शेजारच्या खोलीत डॉक्टर प्रत्येकाला एकेकट्याने भेटल्या, म्हणजे कोणी वेगळा दिसायला नको.

संध्याकाळी डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “भेटले. उद्या बायकोला घेऊन येतायत.” कोण, ते मी विचारलं नाही.

आता माझ्या प्रश्नावलीत सर्वांत वर दोन ओळी असतात: हा कागद कोण वाचणार, आणि कोण कधीच वाचणार नाही. खाली एक चौकोन: ‘मला फोन केलेला चालेल’. त्यावर खूण केली तरच नंबर लिहायचा. जोखीम मोजणाऱ्या कोणत्याही गणिती मॉडेलआधी मी तो चौकोन बघते.