कॅप्टन, परराष्ट्रमंत्री, सरन्यायाधीश

आज व्हॅली फोर्जला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या वॉशिंग्टनच्या सैन्याच्या हिवाळी छावणीच्या जागी, जाऊन आलो. ओंडक्यांच्या खोपटाच्या प्रतिकृतीत वाकून शिरल्यावर, १४ बाय १६ फुटांच्या जागेत बारा सैनिक राहत असत, हे पटायला वेळ लागला. १७७७-७८ चा हिवाळा इथे काढलेले जॉन मार्शल पुढे कॅप्टन, वकील, राजकारणी आणि १८०१ ते १८३५ अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. गंमत अशी की, परराष्ट्रमंत्री असताना त्यांच्याच कार्यालयातून जी नेमणूकपत्रे पोहोचवायची राहिली, त्यांतूनच उद्भवलेला मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटला १८०३ मध्ये त्यांच्याच न्यायालयाने निकाली काढला. माझ्या मते त्यांनी त्यातून बाजूला व्हायला हवे होते. पण घटनाविरोधी कायदा रद्दबातल ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार तिथे प्रस्थापित झाला तो याच निकालाने.