बाळंतपणातली झोप : माझा अनुभव

माझी मुलगी ऑगस्टमध्ये झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून रिवाजाप्रमाणे माहेरी, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी. दवाखान्यातून घरी आले तेव्हा टाके ओले होते, अंगात रक्त कमी होतं आणि जी येईल ती बाई एकच सांगायची, "लेकरू झोपलं का तू बी झोपत जाय." पण लेकरू झोपलं की तेव्हाच आंघोळ, शेक, जेवण, पाहायला आलेल्या बाया. ते आटोपेपर्यंत लेकरू उठलेलं. नवजात बाळ दिवसभरात सोळा-सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट इवलंसं असतं, दोन-तीन तासांनी पाजावंच लागतं. तिची झोप होत होती, माझी होत नव्हती. भाकर समोर आली तरी रडू यायचं आणि कशाचं रडू येतंय ते सांगता यायचं नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचं हे काम आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभं केलं, मग ते देशभर गेलं. आमच्या आशाताईंनी लेकराला झोळीत घालून काट्यावर वजन केलं, ते वाढलेलं होतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आन् तू वं? सलग किती झोपली?" तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी गप्प राहिले तशा त्या आईकडे वळल्या. म्हणाल्या, लेकरू वजन घेते, दूध पुरते, आता हिला रोज एक झोप न तुटता भेटली पाहिजे, ते तुमच्या हातात आहे.

त्याच रात्रीपासून आईने घडी बसवली. आठला मी पाजायची, मग आई लेकराला बाहेरच्या खोलीत न्यायची. लुगड्याची झोळी बांधलेली होती. आई भिंतीला टेकून बसायची, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली, डुलकी लागली तरी पाय हलत राहायचा. मी आतल्या खोलीत दार ओढून झोपायची. भुकेने रडली तरच उठवायचं, नुसती कुरकुरली तर नाही. अकराच्या सुमारास आई हाक मारायची. ती तीन तासांची सलग झोप मिळायला लागली आणि चार-पाच दिवसांत माझं सकाळचं रडणं थांबलं.

बाबा जास्त बोलणारे नाहीत, पण दुपारी ते ओसरीवर बसायला लागले. कोणी पाहायला आलं की म्हणायचे, "पोरगी झोपली हाये, सांजच्याले या." हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं.

रात्री मी कुशीवर पडूनच पाजायची. मोठा दिवा नाही, बोलणं नाही. पाजून झालं की तिला पाठीवर निजवायचं, जवळ उशी-गोधडी ठेवायची नाही. सकाळी मात्र खिडकी उघडून उजेड आत घ्यायचा. बाळाला दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर एवढंच आपल्या हातात. शेजारच्या आजींनी गुटी सुचवली, "रातभर हालत नाही लेकरू." आशाताईंनी साफ नाही म्हटलं. सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. पूर्वी अशा गुटीत अफू असायची, म्हणून लेकरं हालायची नाहीत. बंद खोलीत शेगडी ठेवून निजायलाही त्यांनी मनाई केली, कोळशाचा वायू जीव घेतो. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या मी चुकवल्या नाहीत. माझा अर्धा थकवा रक्त कमी असल्याचा होता.

सासरी गेले ती ऐन कापूस वेचणीत. सासूबाई दिवसभर वावरात, त्यांना आठच्या झोपेचं सांगितलं तर म्हणाल्या, "आमाले कोन झोपू देत होतं?" त्यात खोटं काहीच नव्हतं, त्यांनी बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात इळा हातात घेतला होता. मी वाद घातला नाही. आठ ते अकरा लेकरू नवऱ्याने घेतलं, खांद्यावर टाकून अंगणात फिरवायचे. पंधरा दिवस हे पाहून एका पहाटे सासूबाईच आत आल्या, "दे इकडं, मी घेतो. तू पड."

एवढं करूनही लेकरू झोपलेलं असताना डोळा लागत नसेल, दोन आठवडे मन उदासच असेल, तर आशाताईंना नाहीतर डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जावेला आता आठवा लागला आहे. परवा तिच्या आईला मी फोन केला. डिंकाचे लाडू तुम्ही करालच, म्हटलं, पण संध्याकाळी आठला लेकरू कोण घेईल ते आधी ठरवून ठेवा.